मान्य तूट

बँकेतल्या मुलीने विचारलं, "व्यवसाय?"
आणि स्क्रीनवरून वाचून दाखवलं:
नोकरी, धंदा, गृहिणी, निवृत्त, विद्यार्थी, इतर.
तिच्यामागे एसी गळत होता, खाली निळी बादली.
मी म्हटलं, एक मिनिट हं.
रांगेत कुणीतरी खोकलं.

सतरा वर्षं मी वैधमापन खात्यात होते.
म्हणजे काय, ते सांगायला तेव्हाही दोन वाक्यं लागायची,
पण ती पाठ होती:
दुकानदाराचा किलो खरंच किलो आहे का, ते मी बघते.
लोक हसायचे,
मग आपापल्या वाण्याची तक्रार सांगायचे.
बॅगेत प्रमाण वजनं, मखमली खाचांत झोपवलेली.
धाकटी बोटांनी उचलायची नाहीत, चिमट्याने.
बोटाच्या घामाचंही वजन होतं.

तो चिमटा खात्याला परत करायचा राहून गेला.
त्याने मी सकाळच्या गोळीची पन्नी फाडते.
दहा वाजेपर्यंत माझी मूठ मिटत नाही,
चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरते,
ओंजळीत पाखरू असल्यासारखा.
नाही, पाखरू नको. कपच.
पडला की फुटतो.

वॉचमनला सांगितलं, रजेवर आहे.
बिचारा दीड वर्ष माझी रजा मोजतोय.
मुलुंडला मुंजीत म्हटलं, घरून काम करते.
"अय्या, सरकारी वजनं घरून कशी तपासतात?"
असं श्रीखंड वाढता वाढता चुलतजाऊ म्हणाली,
आणि पंगतीत मी पुरी मोडत राहिले,
म्हणजे मोडायचा प्रयत्न करत.
नणंद सांगते, हिने स्वेच्छानिवृत्ती घेतली.
स्वेच्छा.
चिमूटभर हळद टाकावी तसा ती हा शब्द टाकते,
कशातही चालतो.

आणि "दिसत तर नाहीस हो आजारी" म्हणणारे.
नजरेने तोलतात, वरखाली, एकदाच.
बिनशिक्क्याचा काटा वापरणं गुन्हा आहे,
एवढंच मी मनात म्हणते. पावती फाडत नाही.

शीवच्या डॉक्टर विचारतात,
शून्य ते दहा, आज वेदना किती?
मला विचारायचं असतं, शून्य कुठे धरलंय?
कुणाचं? कोणत्या सालचं?
मग म्हणते, सहा.
त्या सहा लिहितात.

कन्नमवार नगरच्या बाजारात सगुणाबाई बसते.
पूर्वी एकदा तिचं अर्ध्या किलोचं वजन मी जप्त केलं होतं,
खालून पोखरलेलं, चाळीस ग्रॅम कमी.
चार महिने तिने मला बघून पापलेटावर फडकं टाकलं.
परवा म्हणाली, "लय दिस आल्या नाय, मॅडम. बदली झाली?"
मी म्हटलं, नाही.
सांधे गेले. नोकरी सोडली. बरं होणारं नाही ते.
पाठ नसलेली वाक्यं,
कशी एकामागून एक आली देव जाणे,
कोलंबीच्या ढिगासमोर.
तिने कुठलं तेल सांगितलं नाही.
ओळखीचा वैद्य सांगितला नाही.
बर्फाचा रिकामा क्रेट पालथा घातला, बसा म्हणाली,
आणि जरा थांबून,
"म्हंजी आता मी मापात मारायला मोकळी."
मी इतकी हसले की जबडा दुखला.
तोही सांधाच.

तिने बोंबील साफ करून दिले, न सांगता.
काटा शून्याच्या जरासा पुढे उभा होता.
मी पाहिलं. तिने मला पाहताना पाहिलं.
प्रत्येक काट्याला थोडी तूट मान्य असते,
किती, ते नियमांच्या पुस्तकात असतं.
माणसांचा तक्ता
त्या पुस्तकात मला कधी सापडला नाही.

"मॅडम?" बँकेतली मुलगी.
इतर, मी म्हटलं.
"इतरमध्ये काय लिहू? वीसच अक्षरं बसतात."
बादलीत थेंब पडत होते.
मी मोजायला लागले,
वाकतात त्या बोटांवर.